न बोललें जाणारें एक दुखणें

पहाटे विरारहून सुटणाऱ्या गाड्यांतून वसईच्या वाड्यांतलीं फुलें आणि भाजी मुंबईस जातात. टोपली डोक्यावरून उतरविणें, ती डब्यांत सरकविणें, दादरला पुन्हा उचलून डोक्यावर घेणें, हें काम कितीतरी बायका वर्षानुवर्षें करीत असतात. त्यांतल्याच एखादीला गर्दींत खोकल्याची उबळ येते आणि ती सारा जीव एकवटून खोकला दाबून धरते. खोकलें कीं लघवीचे चार थेंब निसटतात, लुगडें ओलें होतें, आणि पुढचा सारा दिवस तर बाजारांत बसून काढावयाचा असतो. दोन तासांनीं निघणाऱ्या गाडींत कचेरीला जाणारी दुसरी एक बाई शिंक येतेसें वाटलें कीं पाय एकमेकांवर घट्ट आवळून उभी राहते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीची पाटी उचलतांना तिसरीचें हेंच होतें. तिघींचीं घरें निराळीं, कामें निराळीं, बोलीही निराळ्या. दुखणें मात्र एक, आणि त्याविषयीं तिघीही गप्प.

हें दुखणें क्वचित् कोणास होणारें नव्हे. ज्यांचीं बाळंतपणें झालीं आहेत अशा प्रौढ स्त्रियांत तें सर्व देशांत मोठ्या प्रमाणावर आढळतें. तरीही डॉक्टरांपुढें हा शब्द काढावयास बाईला वर्षें लागतात. आईला असेंच होत होतें, सासूलाही होतें, तेव्हां वयाबरोबर हें व्हावयाचेंच, अशी समजूत करून घेऊन ती स्वस्थ बसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें आणि शरीरासंबंधीं उघडपणें लिहिल्याबद्दल त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या गोष्टीला आतां शंभर वर्षें होत आलीं. पाळी, गर्भधारणा, संततिनियमन हे विषय दरम्यान वर्तमानपत्रांत आले, शाळांत आले. लघवी निसटण्याविषयीं मात्र बाई सख्ख्या बहिणीपाशींही बोलत नाहीं. दुखणें जिवावर बेतणारें नाहीं म्हणून त्याला कोणी महत्त्व देत नाहीं, हेंही खरें. परंतु तें हळूहळू बाईचें जग आखूड करीत जातें. प्रथम लग्नघरीं जाणें टळतें, मग जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या सुटतात, मग नातवाला उचलून घेणें, आणि शेवटीं मोठ्यानें हसणेंही.

वैद्यकांत याला ताणजन्य मूत्रस्राव म्हणतात. ताण या शब्दानें येथें मनाच्या काळजीचा बोध करून घ्यावयाचा नाहीं. खोकणें, शिंकणें, हसणें, ओझें उचलणें, पायरी उतरणें या क्रियांनीं पोटांत एकाएकीं जो दाब वाढतो तो हा ताण होय. दुसऱ्या एका प्रकारच्या दुखण्याशीं याची गल्लत होते, म्हणून खूण सांगितली पाहिजे. थेंब निसटण्यापूर्वीं लघवीची घाई मुळींच नव्हती, खोकल्याबरोबर ती अवचित गेली, असें असेल तर दुखणें ताणजन्य समजावें. एकाएकीं अनावर घाई होते आणि न्हाणीघरापर्यंत पोंचण्याआधींच लघवी होते, असें असेल तर तो मूत्राशयाच्या उतावळेपणाचा प्रकार होय. पुष्कळ बायकांना दोन्ही थोडथोडीं असतात. पुढें सांगितलेल्या व्यायामाचा सर्वांत अधिक गुण येतो तो पहिल्या प्रकारांत.

विरारपासून चर्चगेटपर्यंतचें अंतर ६० किलोमीटर. चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं असलेली लोकल ५ मे १९९२ रोजीं सुरू झाली व पुढच्याच वर्षीं ती विरारपर्यंत येऊं लागली. तिनें बायकांना बसावयास जागा आणि श्वास घ्यावयास थोडी मोकळीक दिली. परंतु उपनगरी गाडींत, ती पुरुषांची असो कीं स्त्रियांची, शौचकूप नसतो. सव्वा-दीड तासाच्या या प्रवासाच्या धास्तीनें बायका एक उपाय आपला आपण शोधून काढतात: घरून निघतांना पाणी पीतच नाहींत. हा उपाय अगदीं उलटा. पाणी कमी प्यालें कीं लघवी दाट होते, दाट लघवीनें मूत्राशय चुरचुरतो आणि घाई वाढते. वर जंतुसंसर्गाची भीति. शिवाय, थेंब निसटण्याचें कारण मूत्राशय भरलेला असणें एवढेंच नसून त्याच्या खालचा आधार सैल पडणें हें आहे. तो आधार पाणी सोडल्यानें घट्ट होत नाहीं.

हा आधार म्हणजे काय? कमरेच्या हाडांचा सांगाडा एखाद्या तळ नसलेल्या टोपलीसारखा असतो. त्या टोपलीचा तळ हाडाचा नसून मांसाचा, म्हणजे स्नायूंचा आहे. पुढें जघनास्थीपासून मागें माकडहाडापर्यंत ही स्नायूंची झोळी ताणून बसविलेली आहे, आणि मूत्राशय, गर्भाशय व मलाशय हे तिन्ही तिच्यावर विसावलेले असतात. तिच्यांतून तीन वाटा बाहेर पडतात: पुढें लघवीची, मध्यें योनीची, मागें शौचाची. शास्त्रीय भाषेंत हिला श्रोणितल म्हणतात. घरगुती भाषेंत ओटीपोटाचा तळ म्हटलें तरी चालेल. स्त्रीची लघवीची नळी अवघी तीन-चार सेंटिमीटर लांब असते. तिला स्वतःचा एक आवळणारा स्नायू असतो. परंतु खोकल्याचा धक्का एकट्यानें सोसण्याइतका तो समर्थ नसतो. खालची झोळी घट्ट असेल तर वरून आलेला दाब त्या नळीला झोळीवर दाबून चपटी करतो आणि वाट आपोआप बंद होते.

मिशिगन विद्यापीठांतील शरीररचनेचे अभ्यासक जॉन डीलॅन्सी यांनीं १९९४ सालीं ही गोष्ट बागेंतल्या नळीच्या दाखल्यानें स्पष्ट केली. वसईच्या वाडीवाल्यांस तो दाखला चटकन पटेल. पाणी वाहत असलेली रबरी नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबतें. तीच नळी भुसभुशीत वाफ्यांत असेल तर पाय दिल्यावर ती मातींत रुतते आणि पाणी वाहतच राहतें. दोहोंत पाय तोच आणि नळीही तीच. फरक असतो तो खालच्या जमिनीचा. ही जमीन पुन्हा टणक करणें, एवढाच या व्यायामाचा हेतु आहे.

ती भुसभुशीत होते ती मुख्यतः बाळंतपणानें. गर्भाचें ओझें नऊ महिने या झोळीवर असतें, आणि मूल बाहेर येतांना तिचे तंतू अतोनात ताणले जातात, कधीं हाडापासून सुटतातही. मूल मोठें असल्यास, किंवा चिमटा लावून काढावें लागल्यास इजा अधिक. पोट चिरून बाळंतपण झालेल्या स्त्रियांत हें दुखणें कमी आढळतें, पण अजिबात नाहीं असें नाहीं. कारण नऊ महिन्यांचें ओझें त्यांनाही चुकलेलें नसतें. पाळी गेल्यानंतर तेथील त्वचा व तंतू पातळ होतात. जुनाट खोकला, रोजचें कुंथणें, वाढलेलें वजन आणि जड ओझीं हीं सारीं त्या झोळीवर रात्रंदिवस घाव घालीत असतात. वजनाची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत स्थूल स्त्रियांनीं आपलें वजन शेंकडा ८ नें उतरविलें, तेव्हां लघवी निसटण्याचे त्यांचे आठवड्यांतले प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले.

आपल्याकडे बाळंतिणीची उस्तवार थोडी होते असें कोणी म्हणणार नाहीं. सव्वा महिना तेल लावून मालीश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला घट्ट पट्टा, सारें यथासांग होतें. पाठीला विसांवा मिळतो, अंग भरून येतें. परंतु ज्या स्नायूवर बाळंतपणाचा सर्वांत मोठा घाला पडला त्याच्याकडे मालीशवालीचा हात पोंचत नाहीं, आणि पोट बांधल्यानें तो बळकट होत नाहीं. त्या स्नायूला चालना देणें बाईच्या स्वतःच्याच हातीं असतें. तें तिला कोणी सांगितलेलें नसतें.

विलायतेंत ही गोष्ट सांगणाऱ्यांत एक नर्तकी होती, ही मोठी मौजेची गोष्ट. मार्गारेट मॉरिस यांनीं १९३६ सालीं बाळंतिणींच्या व्यायामावर पुस्तक लिहिलें, त्यांत हा स्नायू आवळण्यास सांगितलें आहे. परंतु व्यायामाला नांव मिळालें तें लॉस एंजलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांचें. त्यांनीं १९४८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. केगेल यांचें खरें वैशिष्ट्य असें कीं, नुसतें ‘आवळा’ म्हणून सांगण्यावर ते थांबले नाहींत. आवळण्याचा दाब मोजणारें एक लहानसें यंत्र त्यांनीं तयार केलें, आणि आपण बरोबर आवळतों कीं नाहीं हें बाईला कांट्यावर पाहतां येऊं लागलें. पुढें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें आणि यंत्र व शिकवण दोन्ही मागें पडलीं, ही खेदाची गोष्ट होय. आज केगेलचा व्यायाम म्हणून जें सांगितलें जातें तें पुष्कळदां एका वाक्याचें असतें.

हठयोग जाणणाऱ्यांना येथें मूलबंधाची आठवण होईल, आणि ती अस्थानीं नाहीं. टांचेनें शिवणीचा भाग दाबून अपान वर खेंचावयाचा, हें वर्णन हठयोगप्रदीपिकेंत आहे, आणि त्यांत याच स्नायूंचें आकुंचन होतें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. तेव्हां या देशांत अशा क्रियांकडे शरीरशास्त्राच्या दृष्टीनें पाहणें नवीन नाहीं. मात्र एक सावधगिरी हवी. बंधांत श्वास रोखून धरण्याची पद्धत आहे, तर प्रस्तुत व्यायामांत श्वास रोखणें हा दोष मानला जातो. श्वास रोखला कीं पोटांतला दाब वाढतो, आणि ज्या झोळीला वर उचलावयाचें तिच्यावरच तो खालीं पडतो.

आतां प्रत्यक्ष कृति. पाठीवर निजावें, गुडघे दुमडून पावलें टेकवावीं, एक हात पोटावर ठेवावा. चारचौघांत वायु सरूं नये म्हणून मागची वाट जशी आवळून धरतात तशी ती आवळावी. त्याच वेळीं लघवी थांबवावी तशी पुढची वाटही. मग दोन्ही मिळून आंत आणि वर उचलल्यासारख्या ओढाव्या. हालचाल फार बारीक असते. पाहणाऱ्याला कांहीं दिसतां कामा नये. पोटावरील हाताखालीं पोट ताठरलें, मांड्या एकमेकींस भिडल्या, कुल्ले वर उचलले गेले, किंवा श्वास अडला, तर चुकीचा स्नायू कामास लागला असें समजावें. खात्री करून घ्यावयाची असल्यास स्वच्छ धुतलेलें बोट योनिमार्गांत ठेवून आवळून पाहावें. बोटाभोंवतीं पकड जाणवावी आणि तें आंत ओढल्यासारखें वाटावें. बाहेर ढकलल्यासारखें वाटलें तर बाई आवळण्याऐवजीं कुंथत आहे. लघवी चालू असतांना मध्येंच थांबवून पाहण्याचा सल्ला पुष्कळजणी देतात. स्नायू कोठें आहे हें कळण्यापुरतें एखादे वेळीं तसें केलें तर केलें, पण तोच रोजचा व्यायाम करूं नये. मूत्राशय पुरता रिकामा होण्याची संवय त्यानें बिघडते.

या खटाटोपाचें कारण एका लहानशा प्रयोगांत सांपडतें. अमेरिकेंत रिचर्ड बंप आणि त्यांचे सहकारी यांनीं ४७ स्त्रियांना थोडक्यांत तोंडीं समजावून व्यायाम करावयास लावलें व तपासून पाहिलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, सुमारें निम्म्याच स्त्रियांना तो बरोबर साधला, आणि चौथा हिस्सा स्त्रिया असा जोर करीत होत्या कीं त्यानें दुखणें वाढण्याचाच संभव. सहा महिने मनोभावें व्यायाम केला, गुण आला नाहीं, अशी तक्रार करणाऱ्या बाईनें आधीं ही शंका घ्यावी.

स्नायू सांपडल्यावर प्रश्न मात्रेचा. इंग्लंडमधील ‘नाइस’ ही आरोग्यविषयक मार्गदर्शन करणारी संस्था एका वेळीं निदान ८ आकुंचनें, दिवसांतून ३ वेळां, आणि निदान ३ महिने, असें सांगते. तेंही जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं. आरंभीं तीन-चार सेकंद धरवेल तेवढेंच धरावें आणि तितकाच वेळ, किंवा थोडा अधिक, पूर्ण सोडावें. सोडणें हेंही व्यायामाचें अंग आहे, कारण सदा आखडलेला स्नायू कामाच्या वेळीं आवळतां येत नाहीं. हळूहळू आठ-दहा सेकंदांपर्यंत जावें, आणि शेवटीं पांच-सहा वेळां झटकन आवळून झटकन सोडावें, कारण खोकला अवसर देत नाहीं. प्रथम निजून, साधल्यावर बसून, मग उभ्यानें. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बहुधा कांहींच फरक दिसत नाहीं, आणि पुष्कळशा बायका नेमक्या तेव्हांच कंटाळून सोडून देतात. त्या दिवसांत स्नायू जाड होत नसतो. मेंदू त्याला हांक मारावयास शिकत असतो. तंतू भरूं लागतात ते नंतर.

गुण किती येतो? जगांतील प्रयोगांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनें २०१८ सालीं १४ देशांतील ३१ प्रयोग व त्यांतील १८१७ स्त्रिया यांचा आढावा घेतला. ताणजन्य दुखणें असलेल्यांपैकीं व्यायाम करणाऱ्या शंभरांत ५६ जणींनीं आपण पूर्ण बऱ्या झाल्याचें सांगितलें. व्यायाम न केलेल्यांत हें प्रमाण शंभरांत ६ पडलें. या विशिष्ट आंकड्यामागील स्त्रिया दोनशेंहूनही कमी होत्या, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. तरी एवढा मोठा फरक केवळ योगायोगाचा मानतां येत नाहीं. आणि ज्या पूर्ण बऱ्या झाल्या नाहींत त्यांपैकींही पुष्कळजणींचें निसटणें उणावलें. गर्भारपणांतच व्यायाम सुरू केल्यास पुढचा त्रास पुष्कळसा टळतो, असेंही प्रयोगांत दिसून आलें आहे; म्हणून पहिलटकरणीला माहेरीं नेणाऱ्या आईनें लाडवांबरोबर हीही तयारी ठेवावयास हरकत नाहीं.

तीन महिने थांबवत नाहीं अशा बाईसाठीं एक युक्ति आहे. खोकला किंवा शिंक येणार असें वाटतांच, येण्याच्या क्षणभर आधीं स्नायू आवळावा व धक्का ओसरेपर्यंत तसाच धरावा. जॅनिस मिलर, डीलॅन्सी प्रभृतींनीं १९९८ सालीं २७ वयस्क स्त्रियांना ही युक्ति शिकविली. एका आठवड्यांतच मध्यम खोकल्याबरोबर जाणारी लघवी जवळजवळ थांबली, आणि मोठ्या खोकल्याबरोबर जाणारी सुमारें पाऊणपटीनें घटली. इतक्या थोड्या दिवसांत स्नायूची शक्ति वाढत नाहीं. वेळ साधली गेली, एवढेंच. टोपली डोक्यावर घेतांना, पाण्याची बादली उचलतांना, गाडीच्या पायरीवरून फलाटावर उतरतांना हाच क्रम: आधीं आवळणें, मग श्वास सोडीत उचलणें. काम न सोडतां करतां येतो, म्हणून कष्टकरी बाईला हा उपाय सर्वांत सोयीचा.

कोणीं घरच्या घरीं वेळ दवडूं नये अशीं लक्षणेंही आहेत. लघवींतून रक्त जाणें, जळजळ व ताप, लघवी अडणें, अंग बाहेर येणें, किंवा अवघड बाळंतपणानंतर खोकल्याशिवायही रात्रंदिवस लघवी झिरपत राहणें, यांपैकीं कांहींही असल्यास डॉक्टरांकडे गेलेंच पाहिजे. शेवटचें लक्षण तर मूत्राशयास भोंक पडल्याचें असूं शकतें, आणि त्याला व्यायाम हा उपाय नाहीं. अंग बाहेर येण्यावर मुंबईचा लौकिक मोठा आहे. तरुण स्त्रियांचा गर्भाशय न काढतां तो वर टांगून धरण्याच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या शस्त्रक्रिया स्त्रीरोगशास्त्रांत त्यांच्या नांवांनीं ओळखल्या जातात. ताणजन्य दुखण्यावरही शस्त्रक्रिया आहेत व त्या गुणकारी आहेत. पण व्यायाम नीट करून पाहिल्यावर मग त्यांचा विचार, हा क्रम आतां सर्वत्र मान्य झाला आहे.

व्यायाम शिकविण्याचें काम फिजिओथेरपी जाणणाऱ्यांचें. या विद्येची शाळा मुंबईंत के. ई. एम. इस्पितळांत १९५२ पासून आहे. गुडघा आणि पाठ यांसाठीं लोक तिच्याकडे बिनदिक्कत जातात. हा स्नायूही तेथेंच शिकवितात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. स्त्रियांच्या विकारांचा विशेष अभ्यास केलेली उपचारिका पाहावी, आणि पहिल्याच भेटींत ‘मी बरोबर आवळतें कीं नाहीं तें तपासून सांगा’ असें स्पष्ट म्हणावें. ती तपासणी दोन मिनिटांची असते.

पुढचें सारें बाईच्या सोयीवर. आठ सेकंद आवळणें, आठ सेकंद सोडणें, अशीं आठ आकुंचनें करावयास दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. गाडी वसई रोड सोडते, नायगांव येतें, मग खाडीचा पूल लागतो आणि पलीकडे भाईंदर. चौथ्या बैठकीवर कसेंबसें टेकलेल्या बाईची एक खेप तेवढ्यांत आटोपते. शेजारणीला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. दुसरी खेप परतीच्या गाडींत, आणि तिसरी रात्रीं अंथरुणावर पडल्यावर.